माळावरच्या विहिरी

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला अख्ख्या गावातून फिरवलं. बॅगेचं वजन अजून जमत नव्हतं, पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं, आणि मी मात्र नवी साडी नेसून घरोघर ‘येते’ म्हणत हिंडत होते. अण्णा, माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात अजून त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, हवालदारच म्हणतात. कपाळावर टोपी सरळ करत ते पुढे आणि मी मागे. लग्नाचं आवतण देताना असते तशीच क्रमवारी. आधी भावकी, मग शेजार, मग पेठेतली घरं, मग कॅनॉलच्या कडेची. मी कंटाळून म्हटलं, पुरे आता. तर म्हणाले, “एक बी घर सुटायला नगं. सुटलं की मानसाच्या डोक्यात जन्मभर राहतं.”

प्रत्येक घरी कुंकू, प्रत्येक घरी नारळ. संध्याकाळी ओट्यावर नारळांचा ढीग लागला. त्यातला एकही विमानात नेता येणार नाही, हे मी कुणालाच सांगितलं नाही. आमच्या एका चुलतीनं विचारलं, कसली डॉक्टर होणार? मी म्हटलं, आकड्यांची. ती म्हणाली, “आकड्यांना काय हुतंय गं? मग गुडघ्याचं औषध न्हाई व्हय तुज्याकडं?” सगळे हसले, मीही हसले. मी संख्याशास्त्रात पीएचडी करायला ग्लासगोला चालले होते आणि मला माझ्याच विषयाबद्दल घरच्या भाषेत चार वाक्यं सांगता येत नव्हती.

त्याआधीचं माझं सगळ्यात लांबचं गाव म्हणजे सांगली. एमएस्सीला तिथे होते. शनिवारी पॅसेंजर पकडायची, कोरेगावला उतरायचं, अण्णा गाडी घेऊन उभे. तेव्हा मला तेवढं अंतर फार वाटायचं. हॉस्टेलच्या डब्यातली आमटी तोंडात घातली की डोळ्यात पाणी यायचं. हे वाचणाऱ्या तुमच्यातले जे शिकायला अजून सांगली-पुण्याच्या अंतरावर आहेत, त्यांना मी चिडवत नाही. अंतर हे सुरुवातीला सगळ्यांनाच तेवढंच वाटतं.

ग्लासगोत पहिली अडचण आकड्यांची नव्हती, नावाची होती. माझ्या सुपरवायझरबाई साठीच्या घरातल्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांना मॉराग म्हणायचं. नुसतं मॉराग. मी त्यांना काहीच म्हणत नव्हते, समोर जाऊन उभी राहायचे. त्यांना वाटायचं मुलगी लाजाळू आहे. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, “आगं, मग निदान मॉरागताई तरी म्हण.” बाकी शहर दिवसभर ओलं. छत्री घेतली तरी आडवं पाणी अंगावर यायचं. अशा गावात बसून मी विषय घेतला होता विहिरींचा.

विषय तसा सोपा होता. तालुक्यात विहिरी भरपूर. सगळ्या काही कुणी दर महिन्याला मोजत नाही. तर मग थोड्या विहिरी मोजून सगळ्यांच्या पाण्याबद्दल किती खात्रीनं बोलता येईल? मॉरागनी आणि मी फळ्यावर त्याचं गणित मांडलं, ते सुटलंही. पण गणित खऱ्या गावावर चालवून दाखवायला हवं होतं. मी पटकन म्हणून गेले, आमचं गाव आहे ना. या सगळ्या गणिताचा पाया एकच होता. कुठल्या विहिरी मोजायच्या हे माणसानं ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटरनं काढायचं. मग ती विहीर कुणाची का असेना.

मोजणी अण्णांनी अंगावर घेतली. लांब टेपला लोखंडी नट बांधला, गाडीच्या डिकीत ठेवला. मी निवडून आलेल्या विहिरींचे नंबर पाठवले. दर महिन्याच्या सुरुवातीला व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप यायचा, वर ‘रिपोर्ट’ असं लिहून, खाली पाण्याची खोली, आणि शेवटी ‘ऑल ओके’. मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवायचे. कुणाच्या वडिलांनी मुलीच्या प्रबंधासाठी एवढं केलं असेल? मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नव्हते.

आकडे आले ते देखणे आले. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू उतरतंय, मे महिन्यात तळाला जातंय, पण आटत नाहीये. माझ्या सूत्रानं जे सांगितलं होतं त्याच्याशी अगदी जुळणारी रेघ. मॉराग खूश झाल्या. प्रबंधाचं मधलं प्रकरण त्याच रेघेवर उभं राहिलं. फेलोशिप शरद ऋतूत संपणार होती, व्हिसा तिच्याच दोरीला बांधलेला. त्याआधी प्रबंध दिला तर पुढे काहीतरी, नाही दिला तर परत. एवढं सरळ होतं सगळं.

एके दिवशी दुपारी त्या आलेखाकडे बघताना मला एक गोष्ट खटकली. त्यात शून्य नव्हतं. वर्षभरात एकाही विहिरीत एकदाही शून्य नाही. आणि मला आठवत होतं की शाळेत असताना उन्हाळ्यात माळावर टँकर उभा राहायचा. माळवस्तीच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन उतार उतरून आमच्या मळ्यातल्या मोटारीवर यायच्या, आई त्यांच्यासाठी पाइप सोडून ठेवायची. त्या बायका माझ्या आकड्यांत कुठे होत्या?

तिकडे संध्याकाळ होती. फोन लावला, जेवलात का वगैरे झालं. मग विचारलं की अण्णा, मी दिलेल्या नंबरांच्याच विहिरी मोजताय ना.

“त्यातल्या बऱ्याच,” ते म्हणाले. आवाजात काही अपराधीपणा नव्हता, उलट काम नीट सांभाळल्याचं समाधान होतं. “आगं, तुज्या नंबरात तात्याची हिर न्हवती. सख्ख्या भावाची हिर सोडून परक्याच्या हिरीवर टेप घिऊन जाऊ व्हय मी? ती घेतली. मग पेठेतली मानसं म्हणाली, हवालदार, आमची का न्हाई? त्यांची बी घेतली.”

“आणि माळावरच्या?”

“तितं काय मोजायचं? पौष सरला की खडक दिसतोय. बाज्या माज्या वर्गातला गडी. त्येच्या कोरड्या हिरीत त्येच्या देखत टेप सोडू आन् आकडा लिवू? कुणाची अशी इज्जत काढत न्हाईत, पोरी.”

अण्णांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. जे मोजलं ते बोटभरही इकडेतिकडे नव्हतं. त्यांनी फक्त माझा नमुना, म्हणजे ती चिठ्ठ्यांची निवड, लग्नाच्या आवतणासारखा हाताळला होता. मानाची घरं आधी, कुणाचं मन दुखवायचं नाही, आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याला अवघडून टाकायचं नाही. मला राग आला. मग लक्षात आलं की निघायच्या आदल्या दिवशी ते मला ज्या घरांतून फिरवत होते, त्यांत माळवस्तीचं एकही घर नव्हतं. मलाही तेव्हा ते जाणवलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी कुणालाच काही बोलले नाही. मॉराग काही उभ्या जन्मात कोरेगावला जाणार नव्हत्या. परीक्षकांना माळ आणि कॅनॉल यातला फरक कळणार नव्हता. प्रकरण तयार होतं, रेघ देखणी होती, गप्प बसलं की पुरे. जेवताना, बसमध्ये, कपडे धुताना हाच हिशेब. आणि गप्प बसायचं दुसरं कारण पदवीपेक्षा मोठं होतं. इथे आकड्यांत फेरफार झाला की त्याला जो शब्द वापरतात त्याचा मराठी अर्थ बनावट. ज्या माणसानं फौजेच्या कँटीनमधून स्वतःच्या वाटणीबाहेरचा साबण कधी घरी आणला नाही, त्याच्या नावापुढे तो शब्द विद्यापीठाच्या कमिटीच्या कागदावर लागणार, आणि लावणारी मी. बाहेर शिकायला गेलेल्यांनो, तुम्हाला हे माहीत असेल. नव्या जागी खरं बोलायचं म्हणजे पुष्कळदा जुन्या घराला सगळ्यांच्या समोर उभं करायचं.

शेवटी एका सकाळी मॉरागच्या दारात जाऊन उभी राहिले. नेहमीसारखं हाक न मारता. सगळं सांगितलं, नमुना, आवतण, तात्यांची विहीर, कोरड्या विहिरी. आवतण हा शब्द इंग्रजीत समजावताना माझी जीभ अडखळत होती. त्यांनी विचारलं, तुझ्या वडिलांनी न मोजता एखादा आकडा लिहिलाय का? मी म्हटलं, नाही. त्यांनी परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, त्यांना तसं करताच येत नाही. मग त्या म्हणाल्या की आकडे खरे आहेत, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहेत. कमिटीला सांगावं लागेल, पण बनावट हा शब्द मी लावू देणार नाही.

कमिटीनं बसून निर्णय दिला. एक तर हे प्रकरण काढून टाका, म्हणजे जे उरेल ते पीएचडीला पुरेलच याची खात्री नाही. नाहीतर सुटलेल्या विहिरी याच उन्हाळ्यात मोजून प्रकरण नव्यानं लिहा. मुदत वाढणार नाही. मी अण्णांना फोन केला. हलक्या आवाजात, शब्द निवडून सांगितलं की माळावरच्या विहिरी मोजाव्या लागतील, निवडून आलेल्या सगळ्या.

“मी जायचा न्हाई,” अण्णा म्हणाले. “चिठ्ठी काढून मानसं निवडायची तुमची तऱ्हा. निवडा. पन त्या हिरीवर मी हुबा राहायचा न्हाई.” आणि फोन आईकडे दिला.

पुढच्या महिन्याला रिपोर्ट आला नाही. त्यापुढच्याही नाही. आई फोनवर आवाज दाबून बोलायची. नीट जेवत न्हाईत, पोरगीनं सगळं खोटं ठरवलं म्हणत्यात. मी म्हणायचे, खोटं नाही ठरवलं गं. ती म्हणायची, मला कळतंय बाय, त्यांना कळंना. उन्हाळा तिकडे चढत चालला होता आणि मी इथे अंगावर कोट चढवून खिडकीबाहेर झिमझिम बघत होते. विहिरी आटत होत्या, त्या कुणीच मोजत नव्हतं. शेवटी तिकीट काढलं.

कोरेगावला उतरले तर अण्णा गाडी घेऊन उभे होते. बॅग घेतली, प्रवास कसा झाला विचारलं. घरी आल्यावर मला पितळी तांब्यात पाणी दिलं, पाहुण्याला देतात तसं. त्या तांब्यानं मला रडू फुटायचं बाकी होतं. टेपबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर मी डिकीतून टेप काढला आणि एकटीच माळाची वाट धरली. मागे वळून बघितलं तर ते गोठ्याजवळ उभे होते. आले नाहीत.

बाजीनानांची विहीर सगळ्यात वर. अण्णांच्या वर्गातले म्हणजे त्यांच्याच वयाचे, पण दिसायला थोरले. मी ओळख सांगितली, हवालदारांची शीतल. त्यांनी मान हलवली. काकूंनी चहा टाकला. तो टँकरच्या पाण्याचा असणार हे कळत होतं आणि नको म्हणायची सोय नव्हती. विहिरीवर गेलो. मी टेप सोडला. नट खाली जाऊन दगडावर टणकन वाजला. मला त्यांच्याकडे बघायचा धीर होईना. अण्णा म्हणत होते ते हेच. खरंच लाज वाटत होती, फक्त कुणाची ते समजत नव्हतं.

बाजीनाना काठावर बसले. म्हणाले, वर्षभर बघत होतो वरनं. हवालदार टेप घेऊन खालच्या अंगाला फिरायचा, आज तात्याच्या हिरीवर, उद्या पेठेतल्या हिरीवर. आम्हाला वाटायचं, आज वर येईल, उद्या येईल. तुझी काकू चहाचं आधण ठेवायची. मग ठेवायची बंद झाली.

मी म्हटलं, नाना, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ते आले नाहीत.

“हिर आटलीया, शीतल,” ते म्हणाले. रागानं नाही, कुणाचं चुकलेलं दुरुस्त करून सांगावं तसं. “आमी न्हाई.”

संध्याकाळी जेवताना मी ते जसंच्या तसं अण्णांना सांगितलं. सांगायचं की नाही याचा माळ उतरताना विचार केला होता, पण ताटावर बसल्यावर तोंडातून निघून गेलं. आईनं माझ्याकडे बघितलं. अण्णांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मला वाटलं आता उठून जातील, आणि मग मी परत जाईपर्यंत या घरात कुणी बोलणार नाही. ते उठले नाहीत. भाकरी संपवली, पाणी प्याले, हात धुतले.

सकाळी मी उठले तेव्हा अण्णांचे बूट पॉलिश करून दारात ठेवलेले होते आणि टोपी त्यांच्या डोक्यावर. “चल, बस मागं,” म्हणाले. गाडी थेट माळावर नेली. बाजीनाना अंगणात होते. अण्णा गाडीवरून उतरले आणि तिथेच थांबले, चार पावलांवर. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत उभे.

“बाज्या,” अण्णा म्हणाले, “चुकलं गड्या.”

बाजीनाना म्हणाले, आधी चहा घे. चहा झाल्यावर अण्णांनी टेप माझ्या हातातून घेतला आणि परत सगळं मोजलं, आदल्या दिवशी मी मोजलेलं असूनही. आकडा मोठ्यानं सांगितला, “पानी न्हाई. लिव.” मी लिहिलं. मग पुढची विहीर, तिच्या पुढची. कुठे तळाशी गढूळ थारोळं, कुठे नुसता खडक. प्रत्येक अंगणात चहा झाला. उतरताना अण्णा म्हणाले की पोटात चहाचीच हिर झालीया.

मागच्या महिन्यांचे आकडे काही परत मिळणार नव्हते. पाणी कधीपर्यंत होतं ते बायकांना विचारून घेतलं. कुणी संक्रांतीपर्यंत म्हणालं, कुणी शिवरात्रीपर्यंत. मॉरागनी त्यावर लालेलाल शाई केली, माणसाच्या आठवणीवर एवढा विसंबू नकोस म्हणून. ते बरोबरच होतं. प्रकरण नव्यानं लिहिलं, त्यात ती देखणी रेघ उरली नाही. तिच्या जागी एक जाड, धूसर पट्टा आला, वरच्या टोकाला पेठ आणि खालच्या टोकाला माळ. व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी त्याच प्रकरणावर मला सर्वांत जास्त पिळलं. मधे एक क्षण असा होता की मला वाटलं गेलं सगळं. मग मला बाहेर बसवलं, आत बोलावलं आणि सांगितलं की काही दुरुस्त्या करून द्या, पदवी मिळेल. मी पहिल्यांदा मोठ्यानं “मॉराग” म्हणाले.

आता मी इथेच, ग्लासगोत, शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना सर्वेक्षण कसं करायचं ते सांगते. कोट कधी चढवायचा ते न बघता कळतं. बाजारात भोपळी मिरची कुठली घ्यायची ते कळतं. गावी गेलं की उलट मला विचारावं लागतं, हा रस्ता कधी झाला, ही कुणाची सून. आई म्हणते, तुज्या बोलण्यात आता थांबणं आलंय. असेल. मधे शब्द शोधावा लागतो.

मागच्या खेपेला घरी होते तेव्हा आरोग्य केंद्राच्या आशाताई नोंदीसाठी आल्या. घरोघर फिरून माणसांची माहिती लिहून घेत होत्या. आई पाणी आणायला आत गेलेली. त्यांनी अण्णांना विचारलं, घरात माणसं किती.

“तिघं,” अण्णा म्हणाले.

आशाताईंचं पेन थांबलं. मी म्हटलं, अण्णा, दोघंच. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहणारा माणूस त्या घरात धरत नाहीत, नियम आहे तसा. मी इथे राहत नाही. शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज नेहमीच्या तासाला लागतो तसा लागला, आणि तो मलाच आवडला नाही.

अण्णा माझ्याकडे वळले. “कोरडी हिर मोजायची का न्हाई?”

“मोजायची,” मी म्हटलं.

“मग तिघं लिवा, ताई.”

त्यांनी तीन लिहिलं. पहिल्या वर्षाच्या मुलानं असं लिहून आणलं तर मी त्याचे गुण कापते. ती नोंद चूक आहे हे मला माहीत आहे, अण्णांनाही आता पक्कं माहीत आहे. घर म्हणून माझ्याकडे सध्या तेवढीच एक नोंद आहे, आणि ती दुरुस्त करा असं मी आशाताईंना सांगितलं नाही.